विहिरीतल्या दगडात निघालेल्या रेघा : अकीक बनतो कसा, आणि त्यात रंग येतो कुठून?

मळ्यातला_सिन्नर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. यंदा आमच्या विहिरीने एप्रिलमध्येच तळ गाठला, म्हणून वडिलांनी खोलीकरण काढलं. आमचा मळा सिन्नर तालुक्यात, देव नदीच्या अलीकडे. ४५ फुटांवर सुरुंग उडवले आणि यारीने माल वर येत होता, त्यात हा दगड आला. बाहेरून बटाट्यासारखा ओबडधोबड. अंगावर हिरवट भुकटी, नखाने खरवडली की निघते. वजनकाट्यावर १ किलो ८०० ग्रॅम भरला. हा निम्माच आहे. उरलेला निम्मा विहिरीच्या पश्चिमेकडच्या भिंतीत रुतलेला आहे, खाली उतरलं की गोल तोंड दिसतं.

मी तो फेकूनच देणार होतो. आईने हौदावर धुतला आणि मला हाक मारली. फुटलेल्या बाजूवर पाणी पडलं तशी कांदा आडवा चिरल्यावर दिसतात तशी साल दिसायला लागली. बाहेरून आत बघितलं तर आधी पांढरी बारीक किनार, मग निळसर राखाडी पट्टा, मग मधाच्या रंगाचा, मग परत पांढरा, आणि अगदी मधे साखरेसारखे चमकणारे खडे. वाळला की रेघा पुसट होतात, ओला केला की पुन्हा उठतात. एका कडेला मात्र रेघा गोल न जाता सरळ आडव्या आहेत, ती चीर असावी.

सुरीने ओरखडा काढून पाहिला. दगडाला काही झालं नाही, उलट सुरीचीच चंदेरी रेघ त्यावर उठली. भिंग घेऊन पट्टे मोजले तर ६७ भरले.

माझे प्रश्न दोन. झाडाच्या खोडात वर्षाला एक वर्तुळ पडतं, तसं याचं आहे का, म्हणजे ६७ वर्षं? आणि आजूबाजूचा सगळा दगड काळा असताना यात हे रंग आले कुठून? फोटो जोडले आहेत.

गोदाघाट_पंचवटी

फोटो बघून अंगावर शहारा आला. जाणकारांची वाट बघतेय.

काळा_कातळ

अभिनंदन, हा अकीक, म्हणजे ॲगेट आहे, आणि चांगला आहे. मी नाशकात ३० वर्षं भूशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. सुरीची रेघ दगडावर उठली हे तुम्ही आपणहून लिहिलंत त्याचं फार कौतुक वाटलं. पोलादापेक्षा दगड कठीण असला की सुरीच झिजते. अकीकाची कठीणता मोहच्या १ ते १० च्या मापावर ६.५ ते ७, साध्या सुरीची ५.५ च्या आसपास. हाच कॅल्साइट असता, तर त्याची कठीणता ३, सुरीने सहज ओरखडा पडला असता आणि ॲसिडचा थेंब टाकल्यावर फेस आला असता.

आता मूळ गोष्ट. तुमच्या विहिरीचा दगड, अंजनेरी, ब्रह्मगिरी, पांडवलेणी ज्या डोंगरात खोदली तो डोंगर, हे सगळं साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचं आहे. तेव्हा जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत आला, थिजला, त्यावर पुढचा आला. आजही दख्खनचं हे पठार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. लाव्हा वर येताना त्यावरचा दाब उतरतो आणि त्यात विरघळलेली वाफ, कार्बन डायऑक्साइड बुडबुडे होऊन सुटतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तेच. बुडबुडे वर चढतात, पण वरची साय तोवर थिजलेली असते. मग ते त्या सायीखाली अडकतात आणि दगडात पोकळ्या राहतात. काही वाटाण्याएवढ्या, काही नारळाएवढ्या, क्वचित माणूस आत बसेल एवढ्या. लाव्हा वाहता असताना थिजला तर त्या लांबट, बदामासारख्या होतात.

तुमचा दगड हा अशाच एका बुडबुड्याचा ठसा आहे. साच्यात ओतून मूर्ती काढावी, मग साचा फोडावा, तसा सुरुंगाने साचा फुटला.

ओतलं काय, तर पाणी. काळ्या दगडात वजनाने जवळपास निम्मी सिलिका असते, पण ती इतर खनिजांत बांधलेली. पाणी झिरपत राहिलं की दगड कुजतो, विशेषतः त्यातला काचेसारखा भाग लवकर कुजतो, आणि सिलिका थोडी थोडी पाण्यात उतरते. ते पाणी पोकळीत पोचलं, तिथे परिस्थिती पालटली की सिलिका भिंतीवर बसते. ती बसते कॅल्सेडोनी म्हणून, म्हणजे गारेचेच (क्वार्ट्झचेच) अतिसूक्ष्म तंतू. हे तंतू भिंतीला काटकोनात, आतल्या बाजूला तोंड करून, ब्रशच्या केसांसारखे उभे वाढतात. म्हणजे तुम्हाला दिसणाऱ्या रेघा आणि तंतूंची दिशा एकमेकींना छेदतात. गोल रेघ म्हणजे त्या त्या वेळी वाढ कुठवर आली होती ती सीमा.

बाहेरची हिरवी भुकटी बहुधा सेलॅडोनाइट, एक लोहयुक्त माती-खनिज. ते पहिलं अस्तर. मग कॅल्सेडोनीचे थर. शेवटी पाण्यातली सिलिका विरळ झाली, वाढ मंदावली, तेव्हा मोजकेच स्फटिक निवांत मोठे झाले. ते तुमचे साखरेसारखे खडे, म्हणजे गार. तिथे कधी कधी जांभळा ॲमेथिस्टही निघतो.

६७ पट्टे म्हणजे ६७ वर्षं नव्हेत. झाडाला उन्हाळा-पावसाळा लागतो, या पोकळीला तो दिसतही नव्हता. शिवाय तुम्ही भिंगाने ६७ मोजलेत, सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या एकेका पट्ट्यात आणखी कितीतरी निघतील.

रंगाचं उद्या लिहितो, तो विषय घाईने उरकण्यासारखा नाही.

निफाडचा_बोअरवाला

सरांनी सांगितलेलं आम्ही रोज बघतो, नावं वेगळी. बुडबुड्यांच्या या दगडाला आमच्याकडे मांजऱ्या म्हणतात. पांढरे, हिरवे ठिपके असतात त्यात, आणि छिन्नीला नरम लागतो. त्याच्याखाली काळा पाषाण, तिथे बिट रडकुंडीला येतं. पाषाण संपला की बऱ्याचदा तांबड्या गेरूचा पट्टा लागतो, बोअरमधून लाल चिखल येतो, आणि गेरूखाली लगेच परत मांजऱ्या. वीस वर्षांत निफाड, येवला, सिन्नर सगळीकडे हाच क्रम पाहिला. हे अकीकाचे गोटे नेहमी मांजऱ्यातच मिळतात, पाषाणात कधी नाही. आज कळलं का ते.

काळा_कातळ

वा! तुम्ही लाव्हाचे थर हाताने वाचता आहात. मांजऱ्या हा थराचा माथा, पाषाण हे त्याचं पोट. गेरू म्हणजे दोन उद्रेकांमधल्या काळात उघडा पडून कुजलेला, पुढच्या लाव्हाने भाजलेला माथा. आपल्या भागातल्या लाव्हाथरांच्या गटांना इगतपुरी, जव्हार अशीच नावं दिली आहेत आणि त्या सगळ्यांचा मिळून कळसूबाई उपगट होतो. आपल्याकडची नावं भूशास्त्राच्या पुस्तकात आहेत हे इथल्या मुलांना सांगितलं पाहिजे.

परीक्षानळी

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. सरांच्या मांडणीत एक बाजू राहिली असं मला वाटतं.

आम्ही मुलांना एक प्रयोग दाखवतो. जिलेटिनमध्ये पोटॅशियम डायक्रोमेट घालून काचेवर त्याचा पातळ थर द्यायचा, तो जमला की मधोमध सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब ठेवायचा. आणि थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी थेंबाभोवती लालसर तपकिरी वर्तुळं उठलेली असतात, एकाबाहेर एक, मधे मोकळी जागा सोडून. कुणी आखली नाहीत. चांदीचे आयन पसरत जातात, एका जागी साका पडतो, तो आजूबाजूचा माल ओढून घेतो, म्हणून लगेच पुढे साका पडायला माल उरत नाही. थोडं अंतर गेलं की परत पडतो. लीसेगांग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये हे दाखवलं आणि १९१५ मध्ये अकीकाचे पट्टेही असेच पडतात असं मांडलं. म्हणजे पोकळी आधी सिलिकेच्या खळीने, म्हणजे जेलीसारख्या लगद्याने भरली आणि मग त्यात लोह शिरून वर्तुळं उमटली. मला हे फार पटतं, कारण प्रयोग डोळ्यांसमोर होतो.

काळा_कातळ

मॅडम, प्रयोग अप्रतिम आहे आणि मीही वर्गात त्याचा दाखला देत असे. पण अकीकाला तो पुरा लागू पडत नाही. तुमच्या जिलेटिनमध्ये वर्तुळं साक्याची असतात, जिलेटिन सगळीकडे एकच असतं. अकीकात तसं नाही. रंग बाजूला ठेवला तरी पट्टे राहतात. एका पट्ट्यात तंतू बारीक, दुसऱ्यात जाड, तिसऱ्यात स्वतःभोवती पीळ घातलेले. एक घट्ट, शेजारचा सच्छिद्र. पूर्ण रंगहीन अकीकाचा पातळ काप ध्रुवित प्रकाशात ठेवला तर पट्टे लख्ख दिसतात. म्हणजे रेघ ही विणीतच आहे, रंग नंतर आला.

आणि दुसरं, खळीचा गोळा एकदम भरला असता तर पोकळ अकीक, मधे खडे असलेले अकीक मिळाले नसते. ते थर भिंतीपासून आत चढत गेल्याचा पुरावा आहेत.

पण तुमच्या प्रयोगातला गाभा खरा आहे आणि तो मी मान्य करतो. बाहेरून कुणी नळ उघड-बंद करायची गरज नाही. वाढ जोरात झाली की भिंतीलगतच्या पाण्यातली सिलिका संपते. वाढ मंदावते. दुरून नवी सिलिका सरकत येईपर्यंत वेळ जातो, तोवर बसणारा थर वेगळ्या विणीचा होतो. मग पुन्हा जोर. ही लय वाढीतूनच जन्मते. गेल्या तीसेक वर्षांतलं बरंच संशोधन याच दिशेचं आहे, जरी पहिल्या टप्प्यात पातळ खळीसारखं काही होतं का यावर अजून वाद आहे.

परीक्षानळी

"रंग बाजूला ठेवला तरी पट्टे राहतात" हे वाक्य मला आधी कुणी ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. माझा मुद्दा दुरुस्त करते. पुढच्या वर्षी प्रयोगासोबत अकीकाचा काप ठेवून फरक दाखवीन.

सिलिका पाण्यात मुळात किती थोडी असते ते कळावं म्हणून हिशेब मांडते. साध्या तापमानाला गारेची विद्राव्यता लिटरला १० मिलिग्रॅमच्याही आत. खळीसारखी अस्फटिक सिलिका मात्र १०० मिलिग्रॅमच्या वर विरघळते. काळ्या दगडातलं भूजल या दोहोंच्या मधे कुठेतरी असतं. धरून चालू की प्रत्येक लिटर पाण्याने पोकळीत २० मिलिग्रॅम सिलिका सोडली. १ किलो ८०० ग्रॅमच्या दगडाला मग ९०,००० लिटर पाणी लागलं. म्हणजे दहा हजारी टँकर नऊ. आणि ते दगडाच्या केसाएवढ्या भेगांतून, थेंबाथेंबाने आलेलं.

मळ्यातला_सिन्नर

नऊ टँकर! आमच्याकडे दर उन्हाळ्यात टँकर येतो हो. आईला सांगितलं तर ती दगडाकडे बघतच राहिली.

शंका आहे. पहिली साल बसल्यावर पोकळी बंद झाली ना? मग पुढचं पाणी आत गेलं कसं?

काळा_कातळ

उत्तम शंका. पहिलं, कॅल्सेडोनी दिसते घट्ट पण तंतूंच्या मधे सूक्ष्म जागा असतात. पाणी वाहिलं नाही तरी विरघळलेली सिलिका त्यातून सरकू शकते. दुसरं, बऱ्याच अकीकांत एखाद्या जागी सगळे पट्टे बाहेरच्या बाजूला वळून नरसाळ्यासारखे निमुळते होतात. जुने लोक म्हणत की हे पाणी आत येण्याचं दार. काही अभ्यासकांच्या मते उलट, आतला दाब वाढून माल बाहेर ढकलला गेला ती ही वाट. मी दोन्ही प्रकारचे वाटावेत असे नमुने पाहिले आहेत.

आता रंग.

तुमच्या दगडातला मधाळ आणि तपकिरी रंग लोहाचा. लोहाचं पाणी धरलेलं संयुग, गोएथाइट, पिवळा-तपकिरी रंग देतं. पाणी गेलेलं, हेमटाइट, लाल. एकच लोह, फक्त पाण्याचा फरक. मँगनीज असेल तर काळ्या, झाडाच्या फांद्यांसारख्या नक्ष्या उठतात. हिरवं शेवाळ अडकल्यासारखं दिसतं ते शेवाळ नसतं, सेलॅडोनाइट किंवा क्लोराइटचे धागे असतात. लोक त्याला मॉस ॲगेट म्हणतात.

पांढऱ्या पट्ट्यात मात्र रंगद्रव्य असतंच असं नाही. त्यात अतिसूक्ष्म पोकळ्या दाट असल्या की प्रकाश सगळीकडे विखुरतो, जसा फेस पांढरा दिसतो. म्हणून तर तुमच्या रेघा ओल्या केल्यावर उठतात. पृष्ठभागावरचे खाचखळगे पाण्याने भरले की विखुरणं कमी होतं आणि नजर आत शिरते.

आणि निळसर राखाडी पट्टा. त्यात निळं काहीही नाही. एक करा, रात्री दिवा घालवा आणि दगडाच्या पातळ कडेमागे मोबाईलचा टॉर्च धरा.

मळ्यातला_सिन्नर

सर, आत्ता धरला. निळा पट्टा कोऱ्या चहासारखा दिसतोय!! टॉर्च समोरून धरला की परत निळा. वडिलांनाही उठवून दाखवलं.

परीक्षानळी

पाण्यात दुधाचे चार थेंब टाकून ग्लास उजेडात धरा, तिथेही हेच दिसेल. बाजूने निळसर, आरपार तांबूस. बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, त्यामुळे पलीकडे पोचतो तो उरलेला पिवळा-तांबडा. आकाश निळं आणि मावळती तांबडी त्याच न्यायाने.

गोदाघाट_पंचवटी

इतकं वाचून माझं दुखणं सांगते. मागच्या वर्षी एका देवस्थानाबाहेरच्या दुकानातून गडद गुलाबी अकीकाचा काप घेतला, "नैसर्गिक रंग आहे ताई" असं म्हणाला. पूर्वेच्या खिडकीत ठेवला होता. पावसाळ्यापर्यंत ऊन लागणारी बाजू फिकी पडून राखाडी झाली आणि फुलदाणीच्या सावलीतला अर्धा भाग गुलाबीच आहे. आईच्या वाढदिवसाला दिलेला काप होता तो, म्हणून जास्त लागलं.

काळा_कातळ

ताई, वाईट वाटलं. तुमचा दगड खराच अकीक आहे, रंग मात्र चढवलेला. भडक गुलाबी, जांभळे, मोरपंखी काप दिसले की ते रंगवलेले समजावेत. गुलाबी-जांभळ्याला बहुधा कापडासारखा सेंद्रिय रंग देतात, तो उन्हाने उडतो. रंगवलेल्या कापात भेगांमधे आणि सच्छिद्र पट्ट्यात रंग गोळा झालेला दिसतो, हीच खूण. विकणाऱ्याने सांगून विकलं तर त्यात गैर काही नाही, न सांगता विकलं ही फसवणूक.

पण तो काप टाकू नका. त्यात रेघ विणीत असते याचा उत्तम पुरावा आहे. बघा, सगळे पट्टे सारखे रंगले नसतील. सच्छिद्र पट्ट्याने रंग पिऊन घेतला, घट्ट पट्टा कोराच राहिला असेल.

परीक्षानळी

रंगवण्याची रीत सांगते, कारण त्यातली रसायनं आमच्याच कपाटातली आहेत. १९व्या शतकात जर्मनीच्या इडार-ओबरस्टाइन गावात हे शास्त्र पक्कं झालं. काळ्यासाठी दगड कित्येक दिवस साखरेच्या किंवा मधाच्या पाकात ठेवायचा, मग सल्फ्युरिक आम्लात. आम्ल साखरेतलं पाणी ओढून घेतं आणि छिद्रांत कोळसा उरतो. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा बाजारातला बहुतेक ओनिक्स असाच होतो. मधाची युक्ती तर रोमन लेखक प्लिनीनेही नोंदवली आहे. निळ्यासाठी आधी फेरोसायनाइडचं द्रावण मुरवायचं, मग लोहाच्या क्षाराचं. दगडाच्या पोटात दोघांची गाठ पडून प्रशियन ब्लू तयार होतो. तो निळा बराच टिकतो. हिरव्याला क्रोमियमचे क्षार आणि भट्टी.

राशीचक्र_नाशिक

अंगठीत घालतात तो गोमेद हाच का? माझ्या आजोबांच्या वहीत अकीकाला गोमेद लिहिलंय.

काळा_कातळ

नवरत्नांतला गोमेद म्हणजे हेसोनाइट, तो गार्नेटच्या कुळातला, वेगळं खनिज. जुन्या मराठीत दोन्हींना गोमेद म्हटलेलं सापडतं, त्यामुळे गोंधळ होतो. पट्ट्यांच्या अकीकाला सुलेमानी पत्थरही म्हणतात.

खापरतुकडा

उशिरा आलो, पण पुरातत्त्वाचा विद्यार्थी म्हणून राहवेना. काळा दगड कुजून माती होतो, त्यातला अकीक कुजत नाही. तो सुटतो, ओढ्यात येतो, नदीत गोल होतो. गोदावरीच्या वाळू-गोट्यांत त्याचे तुकडे आजही मिळतात. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक आणि जोर्वे इथे उत्खनन केलं. जोर्वे संस्कृतीचे शेतकरी, साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीचे, याच कॅल्सेडोनीच्या गोट्यांपासून समांतर धारेची पाती काढत. तांबं होतं त्यांच्याकडे, पण दुर्मिळ. रोजच्या कापाकापीला ही पाती. अकीक फुटताना काचेसारखी शिंपल्याच्या आकाराची चीर जाते, म्हणून धार येते. मी एक पातं हातात धरलं आहे, बोटाच्या पेराएवढं. उजेडाकडे केलं तर त्यात दोन पांढऱ्या रेघा होत्या, तिरक्या. त्या माणसालाही त्या दिसल्याच असतील.

आणि पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका प्रवासवर्णनात पैठणहून भडोचच्या (आजच्या भरूचच्या) बंदराला ओनिक्स दगड मोठ्या प्रमाणात जात असे, असा उल्लेख आहे. गाड्यांतून, अवघड वाटांनी. पैठण आपल्याच गोदावरीवर, खालच्या अंगाला.

मळ्यातला_सिन्नर

वाचून भारावलो आहे. ठरवलं, दगडाचा काप काढायचा. मित्राकडे फरशी बसवायचा कटर आहे, रविवारी अंगणात कापतो. काही सूचना?

खंभातची_सून

थांबा दादा! कापू नका, आधी माझं ऐका.

माझं माहेर नाशिक, जेल रोड. लग्न होऊन खंभातला आले त्याला १९ वर्षं झाली. अकीकाचं हे गाव. दगड भरूचकडच्या रतनपूरच्या खाणींतून येतो. इथे तो आधी उन्हात ठेवतात, मग मडक्यात घालून शेणीच्या आचेवर भाजतात. सकाळी मडकं उघडलं की काल मातकट पिवळा होता तो तांबडा निघतो. सर म्हणाले ना, लोहातलं पाणी जातं, तेच. हडप्पाच्या काळापासून या भागात तांबड्या अकीकाचे मणी होत आले आहेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नणंदेला म्हणाले, ही तर भाकरी भाजल्यासारखी वेळ साधायची कला आहे. आच जास्त झाली की दगड तडकतो.

पण घासणीवर बसणाऱ्यांचं सांगायचंय. आमच्या गल्लीतले एक काका लहानपणापासून मणी घासायचे. चाकाभोवती पिठाच्या गिरणीसारखी पांढरी धूळ, भुवयासुद्धा पांढऱ्या. चाळिशीतच त्यांना दोन जिने चढवेनात. सिलिकोसिस. ती धूळ फुप्फुसात बसते आणि बाहेर येत नाही, त्यावर बरं करणारं औषध नाही. पाच वर्षांपूर्वी ते गेले. घरात दोन मुली. खंभातच्या अकीक कारागिरांमधला हा आजार डॉक्टरांनी कितीतरी वेळा नोंदवलाय.

एक काप काढून तुम्हाला काही होणार नाही असं कुणी म्हणेल. पण अंगणात आई असेल, मुलं असतील. कोरडा कटर अकीकावर अजिबात चालवायचा नाही. पाण्याची धार सोडणारी, हिऱ्याच्या पात्याची करवत असेल तिथेच न्या. आणि तरीही मास्क लावून उभे राहा, तोंडाला नुसता रुमाल बांधून नव्हे.

निफाडचा_बोअरवाला

ताई बरोबर सांगतायत. आम्ही बोअरला पाणी मारतो ते बिट थंड राहावं म्हणूनच नाही. माझ्या माणसांना उद्यापासून मास्क आणतो.

मळ्यातला_सिन्नर

ताई, कटर परत दिला. सातपूरला एका ग्रॅनाइटवाल्याकडे पाण्याची करवत आहे, त्याने कापून द्यायचं कबूल केलं आहे.

काळा_कातळ

छान. कापण्याआधी एक सांगायचं राहिलं होतं. पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंत की एका कडेला रेघा सरळ आडव्या आहेत आणि ती चीर असावी. फोटो मोठा करून पाहिला. ती चीर नाही. काही अकीकांत भिंतीला धरून गोल पट्टे पडतात आणि त्याच पोकळीच्या तळाशी सिलिकेचे बारीक कण गाळासारखे खाली बसून सपाट थर होतात. बरणीतलं तूप थिजतं तशी पातळी. तो तळ म्हणजे पोकळी भरत होती तेव्हाची खालची बाजू, आणि त्या रेघा म्हणजे तेव्हाची क्षितिजसमांतर पातळी.

उरलेला निम्मा अजून भिंतीत, मूळ जागी आहे ना? त्याच्यात त्या रेघा दिसतात का बघा. गवंड्याची पाणसळ मिळाली तर घेऊन उतरा. आपल्याकडचे लाव्हाथर जवळपास आडवेच राहिले आहेत.

मळ्यातला_सिन्नर

सर, आधी कापाचं. काल सातपूरहून आणला. करवतीतून निघाला तेव्हा ओलाच होता, आणि फुटलेल्या तोंडावर जे दिसत होतं ते काहीच नव्हतं. मधाळ पट्ट्याच्या आत केसाएवढ्या तांबड्या रेघा आहेत, भिंगाने मोजता मोजता नजर हरवते. नरसाळंही सापडलं, वरच्या डाव्या अंगाला, सगळे पट्टे तिथे मान वळवून बाहेर बघतात. आईने काप देवघराशेजारच्या फळीवर ठेवला आहे, ऊन लागत नाही तिथे.

आज सकाळी विहिरीत उतरलो. परवाच्या पावसाने झरा जोर धरतोय, आठवड्यात ती जागा पाण्याखाली जाईल. वडील वरून दोर धरून उभे होते. भिंतीतला निम्मा गोटा ब्रशने धुतला. खालच्या कडेला सपाट रेघा आहेत, मोजल्या, अकरा. त्यातली सगळ्यात लांब पांढरी रेघ वीतभर. शेजारच्या गवंडीकाकांची पाणसळ तिच्यावर टेकवली आणि हात स्थिर व्हायची वाट पाहिली.

बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधोमध येऊन थांबला.